नागपूरचा हिवाळा, हवामानाचा अंदाज आणि प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत नागपूरकर हवामानाबद्दल जे विचारत राहतात, ते इथे एका जागी आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडच्या हिवाळ्यात प्रवासी थंडीने अडत नाही, धुक्याने अडतो. आणि फेब्रुवारी लागला की गारांनी. त्यामुळे उत्तरांचा भर तिकडेच आहे. बर्फाळ रस्त्यांचं म्हणाल, तर ते नागपुरात नाहीत. पण नागपूरकर दर हिवाळ्यात मनाली-श्रीनगरला गाड्या घेऊन जातात, म्हणून त्याचीही उत्तरं शेवटी दिली आहेत.

काऊन बाप्पा, नागपुरात बर्फ पडते का? दर वर्षी कोणीतरी व्हिडिओ पाठवते.

नाही पडत. व्हिडिओत अंगण, टिनाचं छत, संत्र्याची बाग पांढरीशुभ्र दिसते, त्या गारा असतात. हिम पडायचं तर ढगापासून जमिनीपर्यंतची जवळजवळ सगळी हवा शून्याच्या आसपास किंवा खाली असावी लागते. नागपूर २१ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे. इथे ते जमणं नाही. गारांचं तसं नसतं. खाली ३० अंश तापमान असलं तरी गडगडाटी ढगाचा माथा कित्येक किलोमीटर उंच, गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली असतो. गार तिथे तयार होते आणि वितळायला वेळ मिळण्याआधी खाली पोचते. म्हणून अशा बहुतेक व्हिडिओंची तारीख पाहिली तर ती फेब्रुवारी-मार्चमधली निघते, कडाक्याच्या थंडीतली नसते.

पण २०१८ मध्ये तर पारा ३.५ वर गेला होता. तेव्हा रस्त्यावर बर्फ साचला असेल ना?

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान ३.५ अंश नोंदलं गेलं, हे खरं. पण ही नोंद जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, लाकडी झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाची असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताचं पान त्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी अधिक थंड होऊ शकतं. त्यामुळे हवा ३-४ अंशांवर असताना गवतावरचं दव गोठलेलं दिसतं. पचमढीला हे अनेक हिवाळ्यांत घडतं. डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता मात्र दिवसभराची उष्णता धरून ठेवतो, शिवाय आपल्याकडे थंडीच्या रात्री कोरड्या असतात. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर धरायला ओला रस्ता आणि शून्याखालचं तापमान, दोन्ही एकाच वेळी लागतं. ते नागपुरात होत नाही.

आपल्याकडे चाक घसरतं ते वेगळ्या जागी: उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यांवर, दवाने ओल्या झालेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर, आणि महिनाभर कोरड्या राहिलेल्या सिमेंट रोडवर पहिली सर पडते त्या अर्ध्या तासात. त्या सरीने धूळ आणि इंजिन ऑइल मिळून जो राप तयार होतो, तो पुढच्या जोरदार पावसाने धुऊन निघेपर्यंत दुचाकीवाल्याने सांभाळलेलंच बरं.

काश्मीर-हिमाचलात बर्फ पडला की दोन दिवसांनी आपल्याकडे थंडी येते, हे खरं का?

अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धंच जास्त कामाचं.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने कमी दाबाच्या प्रणाली पश्चिमेच्या उंच वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी झंझावात म्हणतात. ऐन हिवाळ्यात महिन्याला चार-सहा तरी येऊन जातात. त्या हिमालयाला भिडल्या की वर हिमवर्षाव आणि पंजाब-हरयाणात पाऊस होतो. बातम्यांत आपण बघतो तो हाच टप्पा.

आता गंमत अशी की ही प्रणाली उत्तर भारतावर असते तेव्हा नागपुरात थंडी अनेकदा कमीच होते. वारा दक्षिण किंवा पूर्वेकडून फिरतो, ढग येतात, आणि रात्री जमिनीतून निघणारी उष्णता ढगांखाली अडकते. लोक म्हणतात, तिकडे बर्फ पडून राहिला अन् इथे पंखा लावायची वेळ आली. थंडी येते ती प्रणाली पूर्वेकडे सरकल्यावर. आभाळ मोकळं होतं, वारा उत्तरेचा होतो, आणि बर्फावरून, ओल्या झालेल्या मैदानांवरून आलेली कोरडी थंड हवा मध्य प्रदेश ओलांडून खाली उतरते. सातपुडा मध्ये आहे खरा, पण ती काही हिमालयासारखी भिंत नव्हे. आणि समुद्र दोन्ही बाजूंनी दूर, त्यामुळे मुंबईला मिळतं तसं ऊबदार पांघरूण आपल्याला नाही.

म्हणून बर्फाची बातमी वाचली की लगेच रजई काढू नका. ग्वाल्हेर, भोपाळ, पचमढी, बैतूल इथली किमान तापमानं बघा. ती उतरू लागली आणि नागपूरचं आभाळ निवळलं, की पुढच्या एक-दोन पहाटा आपल्या. दुसरी प्रणाली लगोलग मागे असेल, तर मात्र ही थंडी फार टिकत नाही. आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ असेल, तर डिसेंबरातही थंडी आठवडाभर बेपत्ता होऊ शकते, कारण तिकडून येणारी दमट हवा रात्रीचं तापमान खाली उतरू देत नाही.

‘थंडीची लाट’ किती अंशांना जाहीर होते?

केवळ गारठा वाटतो म्हणून ती जाहीर होत नाही. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं, आणि ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी हवं. त्याहून जास्त घसरण असेल तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, किमान ४ अंशांवर आलं तर लाट आणि २ वर आलं तर तीव्र लाट. शिवाय उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती दिसावी लागते.

नागपूरची डिसेंबर-जानेवारीची किमान सरासरी १२-१३ अंशांच्या घरात आहे. म्हणजे हिशेब साधारण ८ अंशांवर येतो. ९ अंशांना तुमचे दात वाजत असले तरी कागदावर ती लाट नसते, त्यावरून हवामान खात्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. याच घराण्यातला ‘शीत दिवस’ लोकांना माहीत नसतो: किमान १० किंवा त्याखाली, आणि दुपारचं कमाल तापमानही सरासरीहून ४.५ अंश किंवा अधिक खाली. म्हाताऱ्या माणसांना हा दिवस जास्त जड जातो, कारण दुपारीही ऊब मिळत नाही.

विदर्भाचा अंदाज नक्की कोण देतं?

भारतीय हवामान विभागाचं प्रादेशिक हवामान केंद्र, नागपूर; सोनेगावला, विमानतळाच्या परिसरात. देशात अशी सहा प्रादेशिक केंद्रं आहेत. महाराष्ट्राचे हवामानाच्या दृष्टीने चार उपविभाग पडतात: कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांचा अंदाज नागपुरातून निघतो, बाकीचा मुंबईतून. त्यामुळे मुंबईच्या वाहिनीवर ‘राज्यात थंडी ओसरली’ असं ऐकलं तरी ते गोंदियाला लागू असेलच असं नाही. बऱ्याचदा नसतं.

‘तुरळक ठिकाणी पाऊस’ लिहिलं होतं, आमच्याकडे एक थेंब नाही. अंदाज चुकला ना?

नाही चुकला. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, आणि त्यावर ‘बहुतांश’ किंवा ‘सर्वदूर’. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपीट असं वाचलं, तर कळमेश्वरला झोडपलं आणि उमरेडला ऊन पडलं असं होणं हे त्या वाक्यातच गृहीत आहे. प्रवासाला निघणाऱ्याने त्यातून एवढंच घ्यायचं, की वाटेत कुठेतरी गाठ पडू शकते. कुठे पडेल, ते आदल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. त्या दिवशी दुपारी रडारच सांगतं.

पिवळा, केशरी, लाल: लाल म्हणजे जास्त पाऊस का?

रंग पावसाचा नसतो, परिणामाचा असतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. नागपुरात हिवाळ्यात पिवळा बऱ्याचदा दिसतो आणि म्हणूनच लोक तो बघेनासे होतात. माझं मत विचाराल, तर पहाटे निघणाऱ्या माणसासाठी धुक्याचा पिवळा इशारा हा थंडीच्या केशरीपेक्षा महत्त्वाचा.

किती दिवस आधीच्या अंदाजावर भरवसा ठेवायचा?

कशाबद्दल आहे, त्यावर आहे. तापमानाची घसरण चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळते, कारण ती मोठ्या प्रणालीवर अवलंबून असते. पाऊस येण्याची शक्यता दोन-तीन दिवस आधी. दाट धुकं आदल्या संध्याकाळी. गारपिटीची तर जागा आणि वेळ फक्त तीन तासांच्या तात्कालिक इशाऱ्यातच कळते. नागपूरचं डॉप्लर रडार त्यासाठीच कामाचं आहे. दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही निघतो, पण तो ‘सरासरीपेक्षा थंड की उबदार’ एवढंच बोलतो. त्यावरून लग्नाच्या मांडवाची तारीख काढू नये.

२६ मे २०२५ पासून हवामान विभाग ‘भारत फोरकास्टिंग सिस्टिम’ वापरतो आहे. त्यात जगाचा नकाशा ६ किलोमीटरच्या चौकटींत पाहिला जातो. आधी त्या १२ किलोमीटरच्या होत्या. सुधारणा मोठी आहे, पण गारपिटीचा पट्टा कधीकधी दोन-तीन किलोमीटरच रुंद असतो, हेही लक्षात असू द्या.

मोबाईलवर ‘मौसम’ हे हवामान विभागाचं, ‘दामिनी’ विजेच्या इशाऱ्यासाठी, ‘मेघदूत’ शेतकऱ्यांसाठी आणि ‘सचेत’ आपत्तीच्या सर्व इशाऱ्यांसाठी. चारही फुकट आहेत. कोणाच्या तरी नावाने फिरणारा, ‘पुढील ७२ तास घराबाहेर पडू नका’ छाप निरोप या चारांत कुठेही नसेल तर तो पुढे पाठवू नका.

मोबाईल ११ अंश दाखवतो, पेपरात ८ येतं. खरं कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात. पेपरातलं किमान तापमान सोनेगावच्या वेधशाळेचं, सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांतलं सगळ्यात कमी. मोबाईलचा आकडा बहुतेक वेळा संगणकीय मॉडेलमधून काढलेला, आणि तुम्ही तो बघता सकाळी सातला, महाल किंवा इतवारीच्या दाट वस्तीत. सिमेंट आणि गर्दीची उष्णता शहराच्या पोटात दोन-तीन अंशांचा फरक सहज पाडते. पहाटे इतवारीतून काटोल रोडला फेटरीकडे निघालात, की हातमोज्यांतून तो फरक कळतो.

धुकं नेमकं कधी आणि कुठे जास्त?

आपल्याकडचं धुकं बहुतांशी जमिनीच्या थंड होण्याने तयार होतं. त्याला तीन गोष्टी लागतात: निरभ्र रात्र, जवळजवळ शांत वारा, आणि जमिनीलगत ओल. पहिल्या दोन हिवाळ्यात बहुतेक वेळा असतात. तिसरी नसते म्हणून रोज धुकं नसतं. त्यामुळे सगळ्यात खात्रीची खूण ही: काल किंवा परवा पाऊस झाला, आज संध्याकाळी आभाळ स्वच्छ झालं आणि वारा पडला, तर उद्या पहाटे धुकं धरून चला. अंदाज बघितला नाही तरी चालेल एवढी ही खूण पक्की आहे.

जागा म्हणाल, तर पूर्वेकडचा पट्टा. भंडारा रोडवर मौद्याजवळ कन्हान, पुढे वैनगंगा, आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. तिथे ओल कधी पुरती जातच नाही. भंडारा-गोंदियाकडचे लोक याला धुई म्हणतात आणि तिच्यात सायकल चालवायची त्यांना सवय आहे, नागपूरच्या कारवाल्याला नाही. उत्तरेला जबलपूर रोडवर मनसर, देवलापार, पुढे खवासा ते कुरई घाट हा जंगलाचा भाग. छिंदवाड्याकडे जाताना सौंसरनंतरचा सिल्लेवानी घाट. पश्चिमेकडे अमरावती रोडवर त्या मानाने कमी, पण कोंढाळीच्या उतारावर अचानक गोळा झालेलं सापडतं. शहरात अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा तलावांच्या कडेला पातळ थर असतो. तो फिरायला जाणाऱ्यांच्या फोटोंपुरता ठीक.

सगळ्यात दाट वेळ सूर्योदयाच्या आधी नव्हे, तर सूर्योदयाच्या आसपास आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास. ‘उजाडलं की निघू’ हा बेत म्हणून फसतो. साडेआठ-नऊला निघा, दोन तास वाया गेले असं वाटेल, पण त्यातले बहुतेक वाटेत भरून निघतात.

धुक्यात किती वेगाने चालवावं? सगळे ८० ने जात असतात.

हवामान विभागाच्या मोजणीत दृश्यमानता ५०० ते १००० मीटर म्हणजे विरळ धुकं, २०० ते ५०० मध्यम, ५० ते २०० दाट, आणि ५० च्या आत अतिदाट. आता हिशेब करा. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पुढचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी ३३ मीटर गेले, आणि गाडीने वेग अजून सोडलेलाच नाही. ओलसर रस्त्यावर थांबायला आणखी पन्नासेक मीटर. म्हणजे ५० मीटर दिसत असताना ८० ने चालवणारा माणूस, समोर काही नाही या भरवशावर चालवत असतो.

त्याच हिशेबाने ५० मीटरमध्ये पूर्ण थांबायचं तर वेग ५५-६० च्या वर नको. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरूनही गाडी येते, म्हणजे तुमच्या वाट्याला २५ मीटरच, तिथे ३५.

दिवे नेहमी लो बीमवर. हाय बीम लावला की उजेड धुक्यावर आदळून तुमच्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायची आपल्याकडे फार हौस आहे. त्याने मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी असतात. काच आतून धूसर होत असेल तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा, थंडी असली तरी. आणि आपल्या भागाचा खास धोका: डिसेंबरात पहाटे जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या ट्रॉल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि वरचा कापूस धुक्याच्याच रंगाचा.

समृद्धीवर धुकं लागलं तर?

शिवमडक्याहून सुरू होणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. कारला कमाल मर्यादा १२० आहे, ती कोरड्या, स्वच्छ रस्त्याची. १२० ला दीड सेकंदात ५० मीटर संपतात. अतिदाट धुक्यात याचा अर्थ असा, की अडथळा दिसणं आणि आदळणं यांत ब्रेक दाबायलाही जागा नाही. थांबायचंच असेल तर कडेच्या पट्टीवर थांबू नका. मागून येणारा ट्रकवाला तुमचे दिवे बघून ‘पुढची गाडी चालू आहे’ असं समजून त्याच रेषेत येतो. हळू का होईना, पुढच्या इंटरचेंजला किंवा पेट्रोल पंपाला जा.

दिल्लीकडच्या गाड्या इतक्या का लेट होतात? नागपुरात तर ऊन असते.

धुकं तुमच्या स्टेशनवर नसतं, मागे दिल्ली-मथुरा-आग्रा-ग्वाल्हेर-झाशी या पट्ट्यात असतं. केरळ, तामिळनाडू, तेलंगणा, जीटी, दक्षिण या सगळ्या एक्स्प्रेस तिथूनच निघून आपल्याकडे येतात. तिथे रात्रभर रांगून आलेली गाडी नागपूरपर्यंत वेळ भरून काढू शकत नाही, उलट मार्गातली तिची जागा गेलेली असल्यामुळे मालगाड्यांच्या मागे अडकून आणखी रखडते. आणि तोच रेक, म्हणजे डब्यांचा संच, परतीच्या फेरीला लावायचा असतो, म्हणून धुकं निवळल्यावरही दोन दिवस वेळापत्रक विस्कटलेलं राहतं.

लोको पायलटजवळ आता ‘फॉग पास’ नावाचं जीपीएसवर चालणारं यंत्र असतं. पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे, कोणतं फाटक येतंय ते ते आधी सांगतं. त्यामुळे धुक्यातली वेगमर्यादा ६० वरून ७५ वर नेता आली. सिग्नलआधी रुळावर फटाके लावायची जुनी पद्धतही आहेच. पण यंत्र सिग्नलची जागा सांगतं, त्याचा रंग सांगत नाही. तो डोळ्यांनीच बघावा लागतो.

निघण्याआधी १३९ वर किंवा गाडी कुठे पोचली ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या एनटीईएसवर गाडी बघा, आणि ती झाशी सुटली का तेवढं पाहा. झाशीपलीकडे असलेल्या गाडीच्या नागपूरच्या वेळेवर विसंबून रिक्षा बोलावू नका. तुमच्या स्टेशनवर गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे परत मिळतात. ई-तिकीट असेल तर गाडी तिथून सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. लोक गाडी गेल्यावर भरतात आणि मग रेल्वेला शिव्या देतात.

विमानाचं काय?

तेच, मागून पुढे. सकाळी दिल्लीहून येणारं विमान दिल्लीलाच अडकलेलं असतं. तिथे दाट धुक्यात विमान उतरवणाऱ्या कॅट-३ बी उपकरणांमुळे धावपट्टीवर ५० मीटर दिसत असलं तरी उतरता येतं, पण उड्डाणाला साधारण १२५ मीटर लागतात. उतरता येतं आणि उडता येत नाही, असा हा पेच. शिवाय वैमानिक त्यासाठी प्रशिक्षित हवेत. हवामानामुळे झालेल्या उशिराची भरपाई कंपनीला द्यावी लागत नाही. ठरावीक वेळेहून जास्त थांबावं लागलं तर खाणं-पिणं, आणि सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. जोडविमान असेल तर दिल्लीला सकाळचं पहिलं धरू नका. डिसेंबर-जानेवारीत दुपारचं धरा.

दुचाकीवर पहाटे कामाला जातो. बुटीबोरीला. काय करू?

१० अंशांत ताशी ४० ने चाललात तर अंगाला ६ अंशांसारखं लागतं, ६० ने चाललात तर ५ सारखं. बोटं आधी बधिर होतात आणि ब्रेक उशिरा दाबला जातो. हातमोजे हवेत, लोकरीचे नव्हे, वारा न शिरणारे. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवायची जुनी युक्ती आजही काम करते. हेल्मेटची काच धुरकट होते म्हणून ती उघडून चालवू नका, एक खाच तेवढी वर करा. टायरमधली हवा थंडीत कमी भरते, दर पाच-सहा अंशांना सुमारे एक पीएसआय.

गारपीट: आधी कसं ओळखायचं, आणि रस्त्यात सापडलो तर?

फेब्रुवारी-मार्चमध्ये वर उंचावर पश्चिमेकडची थंड कोरडी हवा असते, खाली बंगालच्या उपसागराकडून दमट हवा येते, आणि दुपारचं ऊन जमीन तापवतं. या तिघांची गाठ विदर्भावर पडायला फार कष्ट लागत नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राने जे भोगलं ते याच गणिताने; गारपीट एक-दोन दिवसांत न आटोपता आठवड्यांमागून आठवडे चालली. संत्र्यासाठी ही वेळ सगळ्यात वाईट. मृग बहराची फळं झाडावर तोडणीला आलेली असतात आणि पुढच्या आंबिया बहराचा फुलोरा त्याच वेळी फांद्यांवर असतो. एका तासात दोन हंगाम जातात.

दुपारनंतर पश्चिमेला किंवा वायव्येला फुलकोबीसारखा उभा वाढणारा, तळाशी काळा-हिरवट ढग दिसला, आणि उकाडा असताना अचानक गार वारा सुटला, तर वीस मिनिटं हातात आहेत असं समजा. गाडीत असाल तर गाडीतच राहा, मागच्या सीटवरच्यांना काचेपासून दूर सरकवा, वेग कमी करा. धावत्या गाडीच्या पुढच्या काचेवर गार जास्त जोराने बसते. वर्धा रोड, कामठी रोडच्या उड्डाणपुलांखाली सगळे एकदम शिरतात आणि रस्ता बंद करतात. दुचाकीवाल्यांना ती जागा सोडा, कारवाल्यांनी पेट्रोल पंपाचं छत बघावं. झाडाखाली मुळीच नाही, विजेसाठीही नाही आणि मोडणाऱ्या फांद्यांसाठीही. गारांचा थर बसलेल्या रस्त्यावर ब्रेक जवळजवळ लागत नाही. तो वितळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं उभं राहणं हाच त्यावरचा उपाय.

हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून येतोय. स्वेटर लागेल?

सकाळ-संध्याकाळ नक्की. दुपारी हातावर घेऊन फिराल. पहाटे तर्री पोहे खायला बाहेर पडणार असाल तर कानटोपीही.

ताडोबा किंवा पेंचची पहाटेची सफारी?

उघडी जिप्सी, जंगल, आणि तळ्याकाठचा गारवा. शहरापेक्षा तीन-चार अंश कमी धरा. मुलांना घोंगडी द्या. नागपूरहून पहाटे तीनला निघून गेट गाठायचा बेत मात्र करू नका, आदल्या रात्री तिथे मुक्कामाला जा.

आम्ही गाडी घेऊन काश्मीरला निघालोय. रस्ता तर नागपूरवरूनच जातो.

जातो. राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगरहून निघून नागपुरातून कन्याकुमारीला उतरतो. पण तिकडे २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हे चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’चे, कडाक्याचे. चेनानी-नाशरी आणि काझीगुंड-बनिहाल या बोगद्यांमुळे प्रवास सोपा झाला असला, तरी रामबन-बनिहालचा टप्पा पावसात-बर्फात दरडींनी बंद पडतो. जम्मू सोडण्याआधी त्या दिवसाची वाहतूक पोलिसांची सूचना बघणं बंधनकारकच समजा. मनालीकडे अटल बोगद्याने रोहतांग चुकवता येतो, पण सोलंग ते बोगद्याचं तोंड आणि पलीकडे सिस्सू इथेच गाड्या सर्वाधिक घसरतात. उंच भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संस्था देते.

नागपूरच्या चालकाला न दिसणारी गोष्ट म्हणजे काळा बर्फ. तो काळा नसतो, पारदर्शक असतो. खालचं डांबर दिसतं म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. पुलांवर, बोगद्याच्या तोंडाशी, डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर आणि सूर्यास्तानंतर तो धरतो. समोरच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडायचं एकाएकी थांबलं, तर तो आला असं समजा. उतारावर पहिला-दुसरा गिअर, इंजिनाचा ब्रेक. पायाचा ब्रेक हलक्या हाताने. चाक घसरलं तर ब्रेक सोडा आणि ज्या दिशेला जायचंय तिकडे स्टिअरिंग धरा. चारही चाकांना जोर मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी बर्फात निघते चांगली, थांबते मात्र इतरांसारखीच. बर्फाची साखळी चाकाला कशी लावायची ते नागपुरातच अंगणात करून बघा. मायनस पाचमध्ये, टॅक्सीवाले मागे हॉर्न देत असताना शिकणं होत नाही. खरं तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी स्थानिक चालकाचीच गाडी घ्यावी.

तिथे हॉटेलात शेगडी देतात. रात्रभर ठेवली तर चालते?

नाही. बंद खोलीत जळता कोळसा ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. झोपण्याआधी शेगडी बाहेर, खिडकी बोटभर उघडी. बर्फात अडकलेल्या गाडीचंही तसंच: सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढल्याशिवाय इंजिन चालू ठेवून बसायचं नाही. हे नागपुरातल्या शेकोटीलाही लागू आहे. चौकीदाराच्या बंद खोलीत घमेलं ठेवू देऊ नका.

डिझेल गाडी आहे. टाकी नागपुरातच फुल्ल केली तर स्वस्त पडेल का?

दराचं सोडा, आपल्याकडचं डिझेल फार थंडीत घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकतं आणि गाडी सकाळी सुरू होत नाही. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही चालणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याचसाठी. टाकी अशी रिकामी करत न्या की डोंगर चढण्याआधी तिथल्या पंपावर भरता येईल. कूलंट नागपूरच्या गॅरेजमध्ये तपासून घ्या, नुसतं पाणी भरलेलं असेल तर बदला. काच धुण्याच्या टाकीतलंही पाणी काढून तिथे मिळणारं न गोठणारं द्रावण भरा, आणि रात्री हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.